वाटेवरच्या पाहुण्याचा पाट

माझ्या लग्नाच्या मांडवात कोण कोण होतं ते आधी सांगते. माझी आई जानकी. धाकटा चुलता पदू, बापाच्या जागी तो बसणार होता. नवरा बाळाराम, मोहने गावच्या कारखान्यात नुकता लागलेला, त्याची आई, आणि त्यांच्या गावची दोन बैलगाड्या भरून माणसं. धवल्याचे बोल मागून झेलणारी बारकी. क्यांपातली सिंधी दादी, पांढरी ओढणी घेऊन. धवलारीण. आणि माझा बाप राघो. तो मांडवात नव्हता, पण त्याचं नाव कुठं घ्यायचं यावरच सगळं अडलं होतं.

नावं आधी घ्यायची, ही सवय धवलारणीची. आमच्या आगऱ्यांत तेव्हा लग्न लावायला भटजी नसायचा, धवलारीण असायची. ती गायची तो धवला. हळद कधी लावायची, पाणी कधी आणायचं, नवऱ्यानं कधी उभं राहायचं, सगळं ती गाण्यातून सांगायची. ती गप्प तर लग्न गप्प. आणि सुरुवातीला ती नावं घ्यायची. पहिले देव, मग त्या घरातले मेलेले, मग जिवंत पाहुणे. मेलेल्यांनाही लग्नाचं आवतण. सात गावांतल्या घराघरांतले मेलेले तिला पाठ. विसाच्या पुढं मोजता येत नव्हतं तिला, पण कुणाचा आजा आणि कुणाची बाळंतपणात गेलेली सून, एक नाव चुकायचं नाही.

म्हणायची, "ज्याचं नाव ऱ्हायलं तो दारान उबा ऱ्हातो गो. आत येत नाय, जात पन नाय."

तिचा आवाज काही गोड नव्हता. घोगरा होता. आम्ही पोरी हसायचो तर म्हणायची, "माजा गला गोड नाय, लांब हाय." ते खरंच. ती लावणीला आमच्या शेतात असली की बांधापलीकडच्या बायकांचे हात तिच्या गाण्यावर चालायचे. भात कांडताना गायची, मासे साफ करताना गायची. भांडताना पण तिचं बोलणं चालीत यायचं, मग समोरचीला हसू यायचं आणि भांडण फुकट जायचं. मी मुसळ वेडंवाकडं मारलं तर शिव्या नाही द्यायची. गाणं थांबवायची. मग मला समजायचं.

आता बापाचं सांगते. तो गवताच्या मचव्यावर कामाला होता. कल्याणच्या बंदरातून गवत भरून मुंबईला न्यायचे. मी आठ वर्षांची असताना खाडीच्या तोंडाशी वादळात मचवा बुडाला. बरोबरचे दोघं तिसऱ्या दिवशी सापडले. बाप सापडला नाही.

चुलता म्हणाला, दिवस घालू. आई म्हणाली, "बगितलंय कोनी?" कुणीच बघितलं नव्हतं. तिनं कुंकू पुसलं नाही. बायका पाठीमागं बोलायच्या, तोंडावरही बोलायच्या. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही हे त्यांना कळेना, म्हणून बोलवायच्याच नाहीत. आई डोक्यावर मावऱ्याची, मासळीची पाटी घेऊन विठ्ठलवाडीच्या बाजूला विकायला जायची आणि दोन पोरं पोसायची. मी आणि माझा भाऊ. भाऊ पुढच्या साली तापानं गेला. त्याचे दिवस तिनं घातले. तो तिच्या मांडीवर गेला होता.

मग चुलत्याच्या मुलीचं लग्न निघालं. धवलारीण गात होती. मेलेल्यांची नावं आली, माझ्या भावाचं आलं. त्याच्या मागून बापाचं यायचं, तर आईनं मान वर करून तिच्याकडं बघितलं. धवलारणीनं एक श्वास टाकला आणि नाव सोडून पुढं गेली. वाटलं, जिवंतांत घेईल. तिथं चुलता टक लावून बघत होता. तिथंही सोडलं.

आई त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी धवलारीण आमच्या घरी आली. ओट्यावर बसली. मग म्हणाली, "जानके, मी भ्यायली. राघो दारान उबा ऱ्हायला तो माज्यामुलं."

आई म्हणाली, "पानी पी."

एवढंच झालं दोघींचं. पण त्यानंतर धवलारीण आमच्या घरी आली की उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधी जरा बाजूला व्हायची, जशी कुणाला वाट देतेय.

तोवर फाळणी होऊन सिंधी लोक आले होते. विठ्ठलवाडीपलीकडं मिलिटरीच्या रिकाम्या बराकी होत्या, त्यांत भरलेले. त्यालाच सगळे क्यांप म्हणायचे. गोणपाटाचे पडदे, एका बराकीत किती घरं त्याला गणती नाही. आम्ही त्यांना घाबरायचो, ते आम्हाला. पण मासे त्यांना लागायचे. आईचं ठरलेलं गिऱ्हाईक म्हणजे दादी. प्रत्येक मासा उलटून बघायची आणि म्हणायची, "हमारे दरिया जैसा नहीं." आई म्हणायची, "नको घेऊ मग." रोज घ्यायची.

दादीच्या नातीचं लग्न ठरलं. आईनं विचारलं, गाणी कधी, बघायला येऊ का. दादी म्हणाली, "इसकी माँ नहीं आई. गाना किसके लिए?" कराचीच्या बंदरावर गर्दीत सुनेचा, नवरीच्या आईचा, हात सुटला होता. बोट निघाली, सून मागं राहिली. मेली म्हणून कुणी सांगितलं नाही, आहे म्हणूनही नाही. म्हणून दादीनं सगळ्या बायकांना बजावलं होतं की गाणं म्हणायचं नाही.

आईनं घरी येऊन पाटी ठेवली नाही. तशीच धवलारणीकडं गेली. मी मागोमाग.

धवलारणीनं ऐकलं. विचारलं, "नाव काय सुनेचं?"

"ईश्वरी."

लग्नाच्या दिवशी आम्ही तिघी गेलो. गावात दोनचार जण म्हणालेच, धवलारीण आता परक्यांत गाणार का. ती म्हणाली, "तुमच्यात गातंव तवा तुमी तरी कुटं ऐकताव. जेवनाकरं लक्ष तुमचं."

बराकीत सगळं चूप होतं. नवरी कोपऱ्यात. धवलारीण खाली बसली, एक पाट मागितला. पाट नव्हता, मिलिटरीची लाकडी पेटी होती, ती आणली. ती तिनं दाराकडं तोंड करून ठेवली, वर चिमूटभर तांदूळ टाकले. आणि गायला लागली. देव घेतले, आमचेच, तिला दुसरे कुठं ठाऊक. मग मेलेल्यांत गेली नाही, जिवंतांतही गेली नाही. मधेच थांबून तिनं चाल बदलली.

"वाटंवरच्या पावन्या रं, पाट तुजा मांडलाय." आणि मग, "ईश्वरी बाय गो, पाट तुजा मांडलाय."

हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं. बारकी असती तर तिलाही झेलता आलं नसतं. दादीला आमच्या भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं. पण नाव कळलं. ती त्या पेटीकडं बघत राहिली. मग ओढणी तोंडावर घेतली. नवरी उठून तिच्याजवळ आली. दादीनं ओढणी बाजूला केली आणि टाळी वाजवली. एक, मग दुसरी. आणि तिचं गाणं सुरू झालं, त्यांचं. बाकीच्या बायका जणू वाटच बघत होत्या. कुणी थाळी घेतली, कुणी डबा. सगळी बराक वाजायला लागली.

धवलारीण थोडा वेळ ऐकत होती. मग आईच्या कानाशी म्हणाली, "जानके, बोल कलत नायत, पन ह्या नवऱ्याच्या आयशीला शिव्या देतान. चालीवरनं वलखलं."

दादीला विचारलं तर ती हसून हसून मागं कलंडली. म्हणाली, "हां, हां, सास को."

परत येताना आई पुढं, आम्ही दोघी मागं. बांधापाशी आल्यावर आई वळली नाही, चालता चालता म्हणाली, "माज्या पोरीच्या लग्नाला तसंच गा."

धवलारीण म्हणाली, "गातंव."

म्हणून माझ्या लग्नात ते झालं. मेलेल्यांची नावं संपली, भावाचं झालं, आणि धवलारणीनं पाट मागितला. दाराकडं तोंड करून ठेवला. चुलता उठून उभा राहिला.

"धवल्यात दोन जागा. मेलेलं नायतं जितं. ही तिसरी कुटनं काडली?"

"बराकीतनं आनली," धवलारीण म्हणाली.

"धवला गावचा हाय, तुज्या घरचा नाय. हे असं चालनार आसल तं मी भावकी घेऊन उटतंव."

नवऱ्याकडची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. चुलता निघून गेला असता तर मला पुढं कोण करणार होतं? माझं लग्न तिथंच राहिलं असतं. आईनं माझा हात धरला होता.

धवलारीण आवाज चढवून बोलली नाही. म्हणाली, "उट पदू. पन दारातनं जाशील तवा बग, कोन उबा हाय. तुजाच भाव हाय. त्याला सरक म्हन, आनि जा."

चुलता दाराकडं बघत राहिला. मग डोक्यावरची टोपी काढली, खाली बसला आणि ती मांडीवर ठेवली.

तिनं बापाचं नाव घेतलं. तीनदा घेतलं. तिसऱ्या वेळी बारकीला झेलता आलं. दादीनं मागून टाळी धरली, चुकीच्या जागी, पण धरली. आई रडली नाही. एवढंच म्हणाली, "आला."

त्या दिवशी आई पोटभर जेवली. कुंकू तिनं मरेपर्यंत लावलं, आणि नंतर तिला कुणी काही बोललं नाही. बाप आला नाहीच. मी मोहन्याला नांदले, चार पोरं झाली, दोन राहिली. नवऱ्याचा हात मशीनमधे गेला, मग मी मावरं विकलं, आईसारखंच. काम करताना धवलारणीचं काहीतरी तोंडात असायचं. हात चालायचे.

ती गेली तेव्हा मी बाळंतीण होते, जाता आलं नाही. नंतर लग्नं भटजी लावायला लागले, मग बाजा आला, आता तर आवाजाच्या मोठ्या पेट्या येतात, छाती धडधडते. तिचे सगळे बोल मला येत नाहीत. थोडे येतात. नातीला म्हटलं, तुझ्या लग्नात मी बसून तेवढे म्हणीन. तर ती वही घेऊन बसली, म्हणाली, आजी, नावं सांग. मी सांगत गेले. आईचं, बापाचं, भावाचं, चुलत्याचं, दादीचं, ईश्वरीचं. मग धवलारणीपाशी आले आणि थांबले.

तिचं नाव मला माहीत नाही. सगळे तिला धवलारीणच म्हणायचे, आईसुद्धा. नवऱ्याच्या गावी आल्यावर बाईचं नाव बदलायचे, आधीचं कुणी विचारायचं नाही, आणि नंतरचं हिचं कुणी तोंडात ठेवलंच नाही. सात गावांची नावं तिच्यापाशी होती, मी एकदाही तिला विचारलं नाही, बाय, तुझं काय.

हे मी सांगतेय, नात लिहितेय. विठ्ठलवाडीच्या खाडीकडच्या गावांत तुमचं कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला विचारा. घोगऱ्या गळ्याची धवलारीण, क्यांपात जाऊन गायली ती. तिचं नाव कळलं तर मला कळवा. लग्न वैशाखात आहे.