आत्याकडे किती तास?

या कुटुंबात कुणी विमानाचं तिकीट काढलं, की भाडं किती पडलं हे नंतर विचारतात. आधी विचारतात, "आत्याकडे किती तास?"

कुठेही जायचं म्हटलं तरी विमान बदलावं लागतं ते त्याच मोठ्या शहरात, आणि आत्याचं घर त्या शहराच्या विमानतळामागे, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी. विमानं इतकी खालून जातात, की घरातलं माणूस बोलता बोलता थांबतं आणि आवाज गेला की त्याच शब्दापासून पुढे सुरू करतं. नवख्या पाहुण्याला वाटतं, या बाईला विस्मरणाचा आजार आहे.

इतर लोक असा मधला वेळ विमानतळावर काढतात. अत्तराच्या दुकानात फुकटचा फवारा मारून घेतात, नको असलेली चॉकलेटं घेतात आणि शेवटी बॅगेवर डोकं ठेवून घोरतात. आत्याला हे ऐकवत नाही. "माझं घर असताना माझी माणसं बाकड्यावर झोपणार?" असं ती म्हणते आणि मास्तरांना न्यायला पाठवते.

मास्तर म्हणजे आत्याचा नवरा. त्यांची गाडी शिकवायची शाळा आहे. पाहुण्यांना आणायलाही तीच गाडी. छपरावर "शिकाऊ चालक, अंतर ठेवा" अशी पिवळी पाटी, आणि चालकाशेजारच्या सीटपुढे मास्तरांसाठी वेगळा ब्रेक आणि क्लच. पाहुणा आला की पाटी काढायची असं आत्या दर वेळी बजावते. मास्तर दर वेळी विसरतात. "असू दे ना, लोक घाबरून वाट तरी देतात," असं त्यांचं म्हणणं.

घरी आलं की आधी आंघोळ, मग गरम जेवण, मग झोप. लग्न कधी, नोकरीचं काय, सून कशी आहे, हे प्रश्न झोपेच्या आधी विचारायला बंदी. झोपायची खोली म्हणजे खरं तर आत्याचं कारखानाघर. ती पडदे शिवते. दवाखाने, कचेऱ्या, नव्याने लग्न झालेली जोडपी, सगळ्यांच्या खिडक्या तिला पाठ आहेत. पाहुण्यांच्या खिडकीला तिने दुहेरी अस्तराचे जाड पडदे लावलेत. ते ओढले की भरदुपारी मिट्ट काळोख. तिकडे दोन तास झोपलेला माणूस सांगतो, की आठ तास झोपल्यासारखं वाटतं.

एका भाच्याला झोप नको होती, शहर बघायचं होतं. मास्तरांनी त्याला फिरवून आणलं. एक उंच मनोरा लांबून दिसला, बाकी सगळा वेळ सिग्नलवर गेला. "काय पाहिलंस?" असं विचारलं तर म्हणाला, "लाल दिवा." पुढच्या खेपेला तो मुकाट्याने पडदे ओढून झोपला.

तर असे सगळे येऊन गेले. चुलतभाऊ, मावसबहिणी, त्यांची पोरं, एकदा तर वहिनीच्या माहेरची तीन माणसं, ज्यांना आत्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. आला नव्हता फक्त दादा, आणि त्याच्यापायी वहिनी.

दादा म्हणजे आत्याचा सख्खा मोठा भाऊ. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादानेच तिला, त्याच्या बबीला, वाढवलं. पाणीपुरवठा खात्यातल्या नोकरीत दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायचा आणि संध्याकाळी बहिणीसाठी स्थळं शोधत फिरायचा. एक मुलगा ठेंगणा, एकाचे दात पुढे, एकाच्या आईची जीभ तिखट, असं करत करत वर्षं गेली. आत्या चाळिशीला आली तेव्हा स्थळं संपली आणि दादाही दमला. मग ती या शहरात आली आणि पडदे शिवू लागली. एका गाडी शिकवण्याच्या शाळेच्या खिडकीचं माप घ्यायला गेली, आणि तिथेच गाडी शिकायला नाव घातलं. परीक्षेत दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा परीक्षा न देता मास्तरांशी लग्न केलं. गाडी तिला अजून येत नाही.

लग्न नोंदवून आल्यावर तिने दादाला फोन केला. दादा म्हणाला, "कळवलंस, बरं केलंस," आणि फोन ठेवला.

भांडण असं झालंच नाही. सणासमारंभाला फोन असे, दुखलंखुपलं विचारणं असे. पण वर्षातून एकदा तो आणि वहिनी मुलाकडे जायला त्याच विमानतळावर उतरत, आणि दादा तिथल्या खुर्चीवर तासन् तास बसून राही. आत्या दर वेळी म्हणे, "दादा, ये की. घर हाकेच्या अंतरावर आहे." दादा म्हणे, "बघू. सामान आहे. पुढच्या वेळी." आठ वर्षं पुढची वेळ पुढेच होती. दर वर्षी त्या दिवशी आत्या चार माणसांचा स्वयंपाक करी आणि दोघंजण तो दोन दिवस खात.

या वर्षी विमान बदललं आणि मधला थांबा लांबला. सकाळी उतरायचं ते संध्याकाळी निघायचं. आदल्या दिवशी वहिनीचा फोन आला.

"वन्सं, उद्या मी येतेय. माझे पाय सुजतात, मला तुमच्या त्या पडद्यांत झोपायचंय."

"आणि दादा?"

"ते बसतील. त्यांना खुर्ची आवडते. नोकरीत तेच केलं ना जन्मभर."

दुसऱ्या दिवशी मास्तर गेले आणि एकट्या वहिनीला घेऊन आले. दादा सामानाशी बसला होता. वहिनीने आंघोळ केली, ओले केस मोकळे सोडले आणि दहीभाताचं ताट पुढ्यात ओढलं. एवढ्यात तिच्या पर्समध्ये फोन वाजला. दादाच होता, आणि आवाज एवढा मोठा की आत्यालाही ऐकू जावं.

"माझा चष्मा कुठाय? इथं सगळ्या पाट्या मला धूसर दिसतायत."

वहिनीने पर्स चाचपली. डबी आतच होती. "अगं बाई, माझ्याकडेच राहिला वाटतं. मग आता तुम्हीच येऊन घेऊन जा." फोन ठेवून ती आत्याकडे बघून डोळे मिचकावत म्हणाली, "बघा आता, झक मारत येतात की नाही."

आत्याला हसू आलं, पण तिने हात पुढे केला. "आण ती डबी."

"कशाला? बसू देत की जरा आंधळ्यासारखे."

"नको, वहिनी. असं चष्म्याला दोरी बांधून ओढून आणायचं नाही मला त्याला." तिने डब्यात भात भरला, भाजी भरली, वर चमचा ठेवला आणि चष्म्याच्या डबीसकट सगळं मास्तरांच्या हातात दिलं. "देऊन या, गरम आहे तोवर जेवायला सांगा. आणि हे बघा, आग्रह करायचा नाही."

"अजिबात नाही?" मास्तरांनी विचारलं.

"एक शब्दही नाही."

मास्तर हे आयुष्यभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसलेले. सांगितलं तेवढंच करायचं आणि ओरडायचं नाही, हा त्यांचा धर्म. विमानतळाच्या दारापाशी दादा दोन बॅगांना पाय टेकवून बसला होता. मास्तरांनी चष्मा दिला, डबा दिला, आणि "येतो," म्हणून वळले.

दादाने चष्मा लावला. "थांबा. तिनं काही निरोप दिलाय?"

"निरोप नाही. गरम आहे तोवर जेवा, एवढंच."

"घरी या वगैरे?"

मास्तर घुटमळले. पण खोटं त्यांना जमत नसे. "नाही. उलट आग्रह करायचा नाही असं बजावलंय."

"कुणी? बबीनं?"

"हो."

दादा डबा मांडीवर घेऊन बसून राहिला. आठ वर्षं तो नाही म्हणत आला होता, कारण समोरून ये म्हणणारं कुणीतरी होतं. ते म्हणणं बंद होईल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"सख्ख्या भावाला आग्रह करू नका म्हणाली?" तो उभा राहिला. "उचला ती बॅग. विचारतोच तिला."

बॅगा मागच्या सीटवर आडव्यातिडव्या बसल्या, आणि दादा पुढे मास्तरांशेजारी. पायाशी दोन पेडल आहेत हे रागात त्याने पाहिलंही नाही. पहिल्याच चौकात एक सायकलवाला आडवा आला. मास्तर गाडी हळू करतच होते, तेवढ्यात दादाने, आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाडीत बसून करत आला होता तसा, घाबरून पाय दाबला. या गाडीत तो पाय लागू पडला. गाडी जागच्या जागी हबकली आणि बंद पडली. एक बॅग दादाच्या मानेवर आली. मागे भोंग्यांचा एकच कल्लोळ उठला.

"पाय वर घ्या, दादा," मास्तर म्हणाले, आणि गाडी पुन्हा सुरू केली.

पुढच्या वळणावर दादाने पुन्हा दाबला.

"सवयीनं होतं," मास्तर म्हणाले. "माझे विद्यार्थी तर डोळेपण मिटून घेतात."

तिसऱ्यांदा दादाने दोन्ही पाय मांडी घालून सीटवर घेतले, आणि तसाच, डबा पोटाशी धरून, तो बहिणीच्या घरापर्यंत आला. मास्तर दोन हातांत दोन बॅगा घेऊन मागे.

आत्याने दार उघडलं. दादाला धाप लागली होती, तिसरा मजला होता.

"आग्रह करू नका म्हणालीस?"

"हो. आठ वर्षं करून घसा बसला."

दादा काही बोलणार तेवढ्यात वरून विमान गेलं. दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली. त्याचे केस पार पांढरे झालेले तिने पाहिले. तिला चष्मा लागलेला त्याने पाहिला. आवाज गेल्यावर काय बोलायचं होतं ते दादा विसरला.

"जेवलास?" आत्याने विचारलं.

"डबा आणलाय," दादा म्हणाला.

वहिनी आतून हसायला लागली ती थांबेना.

आधी आंघोळ, मग जेवण. दादाने ते सगळं सरकारी हुकूम पाळावा तसं पाळलं. पण झोपायच्या खोलीच्या दारात तो अडला. मधल्या मोठ्या टेबलावर कुठल्याशा दवाखान्याचे हिरवे पडदे अर्धवट कापून पडले होते. त्याने कापड बोटांत धरून बघितलं.

"मला विचारलं असतंस तर?" तो पाठमोराच म्हणाला.

"तू नाही म्हणाला असतास."

"म्हणालो असतो. गाड्या शिकवतो म्हणे, उद्या कुणी ठोकली तर काय! पण विचारायचं तरी. इतकी वर्षं मी वणवण केली आणि शेवटी मला काय, तर बातमी."

आत्याने सुईत दोरा घालता घालता हात खाली घेतले. त्याचं दुखणं एवढं साधं असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने आठ वर्षं मास्तरांची बाजू मांडायची तयारी करून ठेवली होती, आणि मास्तरांबद्दल कुणाची तक्रारच नव्हती.

"मग आता विचारते," ती म्हणाली.

"काय?"

"दादा, एक स्थळ आहे. गाडी शिकवण्याची शाळा आहे स्वतःची. पहिली बायको वारलेली, मूलबाळ नाही. स्वभावाने गरीब. पाटी काढायला विसरतात, एवढाच दोष. तुझं काय म्हणणं?"

दादा वळला. ती थट्टा करतेय का, हे त्याने नीट निरखून पाहिलं. ती थट्टा करत होती आणि करत नव्हतीही. मग तो टेबलाच्या कडेला टेकला आणि खरोखरच विचारात पडला, पूर्वी तिच्यासाठी एखादा मुलगा बघून परत आल्यावर पडायचा तसा.

"उंची ठीक आहे," तो म्हणाला.

"हं."

"मी तीन वेळा ब्रेक दाबला. एका शब्दाने बोलले नाहीत."

"दोनदा," स्वयंपाकघरातून मास्तरांचा आवाज आला. "तिसऱ्यांदा तुम्ही मांडी घातलीत."

"आणि भिंतीला कान आहेत," दादा म्हणाला. "झोपून उठल्यावर सांगतो. घाईत होकार देत नसतात."

त्याने पडदे ओढले. थोड्याच वेळात आतून घोरण्याचा आवाज येऊ लागला, विमानाला लाजवेल असा. आत्याने शिलाई यंत्राला हात लावला नाही. हातशिलाईच करत बसली. दवाखान्याचं काम उद्यावर गेलं तर जाऊ दे. वहिनी सोफ्यावर पाय वर करून पडली होती.

"आणि नाही म्हणाले तर हो, वन्सं?"

"मग मास्तरांना परत पाठवावं लागेल," आत्या म्हणाली. "पण गाडीवरची पाटी नवीन आहे, ती ठेवून घेईन."

तरी खोलीत हालचाल झाली तसे तिचे टाके मोठे पडायला लागले.

दादा उठून आला. डोळे सुजलेले, गालावर उशीची घडी. चहाचा कप हातात घेतला, बशीत ओतला, फुंकर मारली. मास्तर दारात उभे, गाडीची किल्ली हातात. बोलावं की नाही हे त्यांना कळेना.

"माझी काही हरकत नाही," दादा म्हणाला आणि चहा प्यायला.

मग मास्तरांनी अगदी गंभीरपणे पुढे होऊन त्याला वाकून नमस्कार केला, आणि दादाने तितक्याच गंभीरपणे, "सुखाने राहा," म्हणून त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर मात्र त्याची जीभ मोकळी सुटली. बूट घालता घालता त्याने न्हाणीघराच्या नळाचा वॉशर गेल्याचं सांगितलं. पाणीपुरवठ्यात जन्म गेला त्याचा, त्याला ते थेंब झोपेतसुद्धा ऐकू आले होते. मग गॅलरीचा कठडा ठेंगणा आहे. जिन्यात दिवा नाही. भातात मीठ जास्त खातेस, या वयात चांगलं नाही. रात्री शिवतेस ना, डोळे घालवशील. केस किती गळलेत, तेल लाव. आणि माणसाने एवढी विमानं डोक्यावर घेऊन राहावं का, जरा आत गल्लीत घर बघा, मी सांगतो तसं बघा.

तो खालच्या मजल्यावर पोचला तरी जिन्यातून त्याचा आवाज वर येत होता. इतक्या वर्षांत तिला चारचौघांत असं कुणी रागावलं नव्हतं.

"हो दादा," आत्या कठड्यावरून वाकून म्हणत होती. "हो, लावते. हो, बघते."

यातलं नळ सोडून बाकी काहीही ती करणार नव्हती. पण प्रत्येक हो म्हणताना तिला फार बरं वाटत होतं.