शिकस्त की जुनी?

जुन्या इमारतींच्या सर्व्हेला निघालं की फोटो कमी आणि किस्सेच जास्त जमतात. आमची टीम तिघांची: वानखेडे साहेब, मेश्राम मॅडम आणि मी. फॉर्ममध्ये 'इमारतीची स्थिती' असा रकाना असतो, त्यात एकच शब्द लिहायचा. 'जुनी' लिहिलं तर लोक राहतात, 'शिकस्त' लिहिलं की घर रिकामं करावं लागतं. सगळी भानगड त्या एका शब्दाची!

गांधीबागेत एका कापड दुकानाच्या इमारतीला मी 'जीर्ण' लिहिलं. शेटजी वाचून म्हणाले, "साहेब, जीर्ण त कपडा होते. बिल्डिंगले दुसरं काही लिहा!"

महाल भागात एका जुन्या घरात एक काकू एकट्याच राहायच्या. "सुंदर लिहा," म्हणाल्या.

"काकू, तो शब्द फॉर्ममध्ये नाही बसत."

"काहून नाही बसत? तीनच अक्षरं त आहेत!"

मी 'शिकस्त' लिहिलं. दोन महिन्यांनी त्या गल्लीत गेलो, तर घराच्या जागी नुसते पत्रे ठोकलेले. काकू कुठं गेल्या, शेजाऱ्यांनाही नीट सांगता येईना.

मेश्राम मॅडम शब्दासाठी कधी अडत नाहीत. एकदाच अडल्या, एका शाळेत. खाली पोरं बसलेली, वर छताच्या सळया उघड्या. मॅडमनी पेन काढलं, ठेवलं, परत काढलं. 'शिकस्त' लिहून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आमच्या घरातून शाळेत जाणारी मी पहिली पोरगी. बाबानं माहं नाव इथंच टाकलं होतं."

इतवारीतल्या टेलर मास्टरांचा किस्सा मात्र आम्ही कोणाला सांगत नाही. भाड्याच्या खोलीत चाळीस वर्षं त्यांची मशीन, वरची गॅलरी कललेली. वानखेडे साहेब 'शिकस्त' लिहिणार, तोच मास्टरांनी त्यांचा हात धरला.

"साहेब, 'जुनी' लिहा. या वयात मशीन घेऊन कुठं जाऊ?"

साहेबांनी 'जुनी' लिहिलं.

त्याच पावसाळ्यात गॅलरी कोसळली. मास्टरांचा उजवा हात कापावा लागला.

साहेब मला घेऊन दवाखान्यात गेले. खाटेजवळ उभे राहिले. डोळे वाहायला लागले.

"रडून काहून राहिले साहेब? शब्द त मीच मांगला होता," मास्टर म्हणाले. मग साहेबांकडे नीट बघत राहिले.

"बाही उसवली तुमच्या शर्टाची. काढून ठेवा इथं. टाका मारून देतो."