व्हरांड्यातला तास

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. काल आमच्या तालुक्याच्या कॉलेजात जुनी पुस्तकं द्यायला गेलो होतो. एका वर्गात तास रंगला होता. तेवढ्यात एक मुलगी धापा टाकत दारात आली. शिकवणाऱ्या तरुण बाई हसल्या. "एसटी आजही रुसली वाटतं? ये, बस." आणि फळ्यावरचं गणित त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.

मी इथे शिकवायचो तेव्हा घंटा होताच वर्गाला आतून कडी लावत असे. नियम सर्वांना सारखा, याचा मला अभिमान होता. घड्याळ सगळ्यांचं एकच असलं तरी रस्ते वेगवेगळे असतात, हे कधी मनातच आलं नाही. घाटापलीकडच्या वाडीतली मंगल रोज व्हरांड्यात, खिडकीशी उभी राहून भिंतीला वही टेकवून लिहायची. मी इतर प्राध्यापकांत मिरवायचो, "माझा तास मुलं बाहेर उभी राहून ऐकतात!" वर्षाअखेरीस हजेरी कमी भरली, म्हणून तिला परीक्षेला बसू दिलं नाही. ती पुन्हा कॉलेजात आली नाही.

पुढे एकदा एसटी स्टँडवर भेटली. लेकीला म्हणाली, "पाया पड गं, हे माझे सर." मग माझ्याकडे वळून, "खिडकीतून सगळं ऐकू यायचं हो सर. फळा तेवढा दिसायचा नाही."

मी नुसतं "सुखी राहा" म्हणालो. ओठांवर आलेलं तिथेच राहिलं: मंगल, चुकलं गं माझं. तुला आत घ्यायला हवं होतं.