दाजींची होडी आणि माझी कंबर

रविवारी सकाळी सव्वासातला अक्काचा फोन आला आणि मी तिला बोलूच दिलं नाही. नाव दिसताच कण्हत उचलला आणि सुरू झालो, "अक्का, दाजींना सांग, आज काही जमत नाही बघ. कंबर परत धरलीय. कालपासून कुशीवर वळता येईना. पुढच्या रविवारी नक्की..." माझ्या कंबरेला काहीही झालं नव्हतं. मी गॅलरीत उकिडवा बसून कुंड्यांतली माती उकरत होतो. पलीकडून आवाज येईना, म्हणून मी कण्हणं जरा वाढवलं. मग कुणीतरी तिच्या हातातून फोन घेतला. शेजारचा तानाजी होता. म्हणाला, "मामा, तात्या गेलं. हितंच, शेडात. तुमी निगा."

त्या दिवशी दाजींच्या मागं स्मशानात मी कंबरेवर हात ठेवून चाललो. एकदा खोटं बोललं की मग ते चालूनही दाखवावं लागतं. चार जणांनी मला मलमांची नावं सांगितली. एका पाहुण्यानं तर लाकडं उचलू दिली नाहीत.

आमचे दाजी, गावाचे तात्या. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोल्हापूरपासून अर्ध्या तासावर, नदीकाठी त्यांचं गाव. साखर कारखान्यात फिटर म्हणून हयात काढलेला माणूस. बोलणं मोजकं, आणि तेही हातोडीच्या ठोक्यासारखं. मी पडलो कारकून. माझ्या हातात पेनाशिवाय काही टिकत नाही हे त्यांनी पहिल्या भेटीतच ओळखलं होतं. तरी मान द्यायचे. "मेव्हणं, तुमी नुसतं धरा. मारायचं काम माजं."

दोन पावसाळ्यांपूर्वी नदी गावात शिरली. घरात माळ्यापर्यंत पाणी. दाजी, अक्का आणि दाजींची म्हातारी आई स्लॅबवर ताडपत्रीखाली. म्हातारीला दमा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा पंप संपला, दुपारी ती संपली. बोट तिसऱ्या दिवशी आली. बोटीतल्या पोरांनी हात जोडून सांगितलं, आधी जिवंत माणसं. त्यांचं बरोबरच होतं. गावं ढीगभर बुडालेली आणि बोटी मोजक्या. दाजींनी अक्काला बसवून दिलं आणि स्वतः आईजवळ आणखी एक दिवस बसून राहिले. त्या दिवसाबद्दल ते कधीच बोलले नाहीत... पाणी ओसरल्यावर घरातला गाळ उपसताना एवढंच म्हणाले, "हितनं फुडं कुणाची वाट बगायची न्हाय."

महिन्याभरात कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागं एका भंगाराच्या आवारात त्यांना ती सापडली. कुठल्याशा धरणावर गस्तीला असलेली, सोळा फुटी, अ‍ॅल्युमिनियमची होडी. आमच्याकडं अ‍ॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात; जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा, तशी ही जर्मनची होडी. इंजिन जाम, मागची फळी कुजलेली, तळाच्या निम्म्या रिव्हेटी खिळखिळ्या. उसाच्या ट्रॉलीतून ती घरी आली तेव्हा अक्का दारातच थांबली. म्हणाली, "कुणाच्या पायगुणाची हाय कुणास ठावं. ही माणूस मागणार बगा." दाजी हसले. मीही हसलो. मी तर जरा जास्तच मोठ्यानं.

नवं इंजिन म्हणजे मालवणच्या एका मच्छीमाराचं जुनं इंजिन. ते माझ्या गाडीच्या डिकीतून आलं. पुढं कित्येक महिने गाडीला बांगड्याचा वास येत होता. कॉलनीतली मांजरं मला नमस्कार घालायची तेवढी बाकी राहिली. ज्या फळीवर ते टांगायचं ती दाजींनी सागवानी घातली. नंतर कळलं, म्हातारीच्या पलंगाची. अक्का दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. शेडात पाण्याचं पिंप ठेवून, त्यात इंजिनाचा पंखा बुडवून त्यांनी ते पहिल्यांदा चालू केलं, तो दिवस मला स्पष्ट आठवतो. पिंपातलं पाणी उसळत होतं, होडी थरथरत होती आणि ती फळी कण्हत होती. सगळे टाळ्या वाजवत होतो. दाजी मात्र, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा, फळीवर हात ठेवून उभे होते.

माझं खरं काम तळाच्या रिव्हेटींचं. रिव्हेटीला दोन माणसं लागतात. एकानं बाहेरून ठोकायचं, दुसऱ्यानं आत लोखंडी ठोकळा रेटून धरायचा, म्हणजे रिव्हेटीचं आतलं टोक चेपून बसतं. ते नीट बसलं की नाही हे फक्त आतल्याला दिसतं. पत्र्याच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून दाजींनी खूण ठरवली होती: एक टकटक म्हणजे बसली, दोन म्हणजे पुन्हा मारा. कैक रविवार मी त्या होडीच्या पोटात पालथा पडून टकटक करत होतो. अशाच एका दुपारी अक्काच्या मटणाच्या रश्श्याचा वास शेडापर्यंत आला होता. हात बधिर झालेला. ठोकळा निसटला आणि रिव्हेटीचं टोक चेपायच्या ऐवजी आडवं वाकलं. मी बघितलं. चांगलं बघितलं. आणि एकदाच टकटक केलं.

त्यावर फटी बुजवायचा काळा लुकण लागला, वर फळ्या बसल्या. गेल्या पावसाळ्यात पाणी गावात आलंच नाही, पण नदी जरा भरल्यावर दाजींनी होडी एकदा पाण्यात घातली. मी काठावर दोर धरून. मला पोहता येत नाही आणि हे सांगायला मी कधी लाजलो नाही. अर्ध्या तासात ते परतले. काठावर सगळे ओरडत होते, कुणीतरी पेढे आणले होते. दाजी फळीच्या फटीतून खाली बघत होते. म्हणाले, "पाणी येतंय कुटनं तरी." मग माझ्याकडं वळून, अगदी साध्या आवाजात, "मेव्हणं, तुमच्या बाजूनं समदं बसलंतं न्हवं?"

"बसलंतं की," मी म्हणालो, आणि पेढा तोंडात घातला.

यंदा मे संपत आला तसे त्यांचे निरोप सुरू झाले. फळ्या उचलून तळ उघडायचा, एकट्याचं काम नाही, रविवारी या. एका रविवारी मी लग्नाला गेलो होतो, ते खरं होतं. त्यानंतरचे तिन्ही रविवार कंबरेचे. मला भीती कसली होती? ते रागावले नसते. नुसतं वाकलेलं टोक बघितलं असतं आणि मग माझ्याकडं... तेवढंच. त्यातल्या शेवटच्या रविवारी सकाळी अक्का चहा घेऊन शेडात गेली, तर दाजी होडीला टेकून बसलेले. तळाच्या फळीचे दोन बोल्ट काढलेले, तिसऱ्यात पाना अडकवलेला. हृदयविकाराचा झटका, डॉक्टर म्हणाले; आधीपासूनच असणार, कुठंही आला असता. मी तेच वाक्य स्वतःला रोज सांगतो. रोज ते मला जरा कमी पटतं.

दाजींना जाऊन दीड महिना झाला आणि पाऊस असा लागला की थांबायचं नाव नाही. धरणं भरली. गावची स्मशानभूमी पाण्याखाली गेली, मग खालची शेतं. तानाजीचा फोन आला, "मामा, सांजपर्यंत होडी काडतो. आळीत दोन म्हाताऱ्या अंथरुणात हायत आणि एक बाळंतीण. तात्यांनी मला चालवाय शिकवलीया. काळजी करू नगा." मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि तसाच बसून राहिलो. बायकोनं विचारलं, काय झालं. तिला रिव्हेटीचं सांगितलं, पेढ्याचं सांगितलं, कंबरेचंही सांगितलं. तिनं पायात चप्पल घातली आणि गाडीची किल्ली माझ्या हातात दिली.

शेडात अक्का होती. तिच्यापुढं पुन्हा सगळं बोलणं जास्त अवघड गेलं. ती ऐकत राहिली. मग तानाजीला म्हणाली, "नळी लाव. होडीत पाणी भर." फळ्या काढून, ठोकळ्यांवर उभ्या होडीत आम्ही पाणी भरलं आणि चौघं खाली वाकून बघत राहिलो. बाहेर पाऊस, शेडात टपटप. एक थेंब, मग दुसरीकडं एक... सहा ठिकाणी होडी गळत होती. प्रत्येक जागेभोवती अक्कानं कोळशानं गोल केला. मी माझी रिव्हेट शोधली. ती वाकडी होती, पण तिच्याखालचा पत्रा कोरडा ठणठणीत. गळत होत्या त्या सगळ्या जुन्या, मूळच्या. आमच्या हाताखाली न आलेल्या. त्या रविवारी मी आलो असतो तर दाजींना दुपारपर्यंत सापडल्या असत्या.

अक्का म्हणाली, "तुजी चांगली निगाली की रं." त्यात टोमणा होता की दिलासा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पाणी सोडून दिलं. तानाजीनं भिंतीवरची दाजींची हातोडी घेतली. तिच्या दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, आणि ट्यूबवर त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडलाय; तानाजीचा अंगठा त्यात बसेना, तो सारखा पकड बदलत होता. मी होडीत पालथा झालो. सहा जुन्या काढल्या, सातवी माझी काढायला लावली. नव्या बसवताना मी दोनदा टकटक करत होतो, पुन्हा दोनदा, पुन्हा दोनदा. शेवटी तानाजी बाहेरून ओरडला, "मामा, पत्रा फाटंल आता!" मग कुठं मी एकदा वाजवलं. लुकण भरला. परत पाणी भरून बघायला मात्र वेळ नव्हता. आळीच्या तोंडाशी पाणी आलं होतं आणि लुकण अजून ओलाच होता.

सगळ्यांनी धरून होडी उतारावरून खाली नेली. अंथरुणातल्या म्हाताऱ्यांना लोकांनी खुर्च्यांत बसवून आणलं होतं. बाळंतीण पोराला घेऊन छत्रीखाली उभी होती. अक्का तिच्याशेजारी, हातात एकच पिशवी. मला वाटलं, माझं काम झालं. म्हणून हात पुसत मी बायकोजवळ जाऊन उभा राहिलो.

तिनं आधी होडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पहिल्या फेरीला तुम्ही बसा. पार पलीकडं जाऊन या. कोरडे आलात, तर मग माणसं बसतील."