ड्रममधला झेंडू

झेंडूचा वास आला की चाकणच्या कारखान्यामागचा तेलाचा कापलेला ड्रम आठवतो. खंडेनवमीला मशीनला स्वतः पिकवलेल्या फुलांची माळ घालायची, म्हणून मराठवाड्यातल्या एका सोबत्याने गावाहून बियाणं आणलं. "भाऊ, वीतभर अंतर ठेवा," त्याने बजावलं. मी मात्र जास्त फुलांच्या हावेने मूठभर बियाणं त्या एकाच ड्रममध्ये पेरलं. रोपं एकमेकांच्या वर डोकं काढायच्या नादात कमरेइतकी उंच आणि काडीसारखी बारीक झाली, शेंड्याला एखादंच फूल. पूजेला माळ अर्धीच भरली. "बियाणं आणलं की बांबू, राव?" सगळे त्याला हसले. तो ओशाळून नळावर गेला आणि तिथून त्याने मला हाक मारली. माझ्या मुठीतून सांडलेल्या दाण्याचं रोप तिथे एकटंच वाढलं होतं, बुटकं, चहूबाजूंनी फांद्या फुटलेलं, फुलांनी लगडलेलं. शेजारी कुणी नाही हे त्या रोपाला कसं कळलं असेल, याचं मला नवल वाटलं. "हे माझंच बियाणं हाय ना?" त्याने विचारलं. माहीत असूनही मी "काय की" म्हणालो. पुढच्या वर्षी त्याने बियाणं आणलं नाही. आता गॅलरीतल्या कुंडीत मी एकच रोप लावतो, आणि कुणी फुलांचं कौतुक केलं की सांगतो, सोबत्याचं बियाणं चांगलंच होतं, दाटी मी केली होती.