लाल रेघ, निळी चौकट

काकूंचा फोन आला तेव्हा मी सटाण्याच्या शाळेत नववीचे पेपर तपासत होते. "काका गेले गं सकाळी," त्या म्हणाल्या. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि पुढचा पेपर ओढला. दीड महिना झाला, अजून रडू आलेलं नाही.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. ओझरच्या कारखान्यात नोकरीला. संध्याकाळी बस त्यांना इंदिरानगरच्या कोपऱ्यावर सोडायची आणि चहा झाला की ते मला घेऊन बसायचे. आठवीत मी इंग्रजीत नापास झाले होते आणि घरात माझी शाळा बंद करायचं घाटत होतं. काकांकडे एकच लाल-निळी पेन्सिल. "व्हर्ब कुठंय? त्याच्याखाली लाल रेघ मार. आता त्याला विचार, काय? उत्तर येईल तो ऑब्जेक्ट. त्याला निळ्या चौकटीत बसव." पुस्तक संपलं की साबणाची वेष्टनं, औषधांच्या खोक्यातले कागद, काहीही चालायचं. काकूंच्या भाच्याची इंग्रजी लग्नपत्रिकाही त्यांनी रंगवली, तेव्हा काकू दोन दिवस बोलल्या नव्हत्या. मी पास झाले, पुढे इंग्रजीचीच शिक्षिका झाले.

सटाण्याला रुजू झाल्यावर मी त्यांना चार पानी इंग्रजी पत्र लिहिलं. इथं माझं कुणी नाही, शाळा सुटली की खोलीवर जावंसं वाटत नाही... सगळं लिहिलं. आठ दिवसांनी तेच पत्र परत आलं. पानभर लाल रेघा, निळ्या चौकटी आणि खाली, "शाब्बास. एकही चूक नाही." मला इतका राग आला की मी एका पोस्टकार्डावर इंग्रजीतच लिहून टाकलं, मला आता तुमच्या पेन्सिलीची गरज नाही. त्यानंतर सणावारी पाया पडत राहिले, पण पत्र म्हणून लिहिलं नाही. त्या कार्डाचं त्यांना काय वाटलं, हे विचारायचं सात वर्षं राहूनच गेलं.

तेराव्यानंतर काकूंनी त्यांचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. वर पेन्सिल, खाली रंगवलेल्या कागदांचा गठ्ठा आणि तळाशी माझं कार्ड. कडा मऊ पडलेल्या, पण त्यावर एकही रेघ नव्हती.

"अधूनमधून काढून वाचायचे," काकू म्हणाल्या. "मी एकदा विचारलं, यावर नाही का ओढत रेघा? तर म्हणाले, हे अभ्यासाचं नाही. आधीचं पत्रही नव्हतं, मलाच कळलं नाही."

मी कार्ड तिथंच ठेवलं. पेन्सिल घेऊन आले. दोन्ही बाजू बोथट झाल्यात... टोक करायला अजून हात धजत नाही.