पडद्याच्या दमणीतली आत्या

आत्या गेल्याचा निरोप एस.टी.च्या कंडक्टरनं आणला. शाळेच्या फाटकाशी गाडी थांबवून त्यानं खिडकीतूनच सांगितलं, "बाई, तुमच्या आत्याबाई गेल्या. सकाळीच." ज्या एस.टी.त आत्यानं जन्मात पाय ठेवला नाही, तिनंच तिची शेवटची खबर पोचवली. मला रडू आलं आणि त्याच क्षणी आत्याचा रागही आला. तिच्याबाबतीत माझं कायम असंच व्हायचं. आता महिना उलटून गेलाय, तरी राग काही ओसरत नाही. म्हणून म्हटलं, लिहून तरी पाहावं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. वरवट बकालजवळच्या एका खेड्यात देशमुखांच्या घरी दिलेली. आत्याचे यजमान लवकर वारले, मागे एकुलती एक मुलगी सुशीला, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. देशमुखी सरकारजमा झाली, वतनं गेली, गावात निवडून आलेला सरपंच बसला, पण हे आत्याला कोणी सांगितलंच नाही असं तिचं वागणं. पूर्वी बाया तिच्या दारावरून जाताना पायातल्या वहाणा हातात घेत. आता शाळेतल्या पोरी चपला फटफटवत जायच्या, आणि ही दाराशी बसून प्रत्येकीचे पाय पाहायची. "पाह्यलं का, लीले? पायात घालून गेली." मी म्हणायची, "ऊन किती आहे आत्या, पाय भाजतात." "आमच्या वक्ताले ऊन नव्हतं काय?"

आणि ती दमणी. नव्या पिढीसाठी सांगते, दमणी म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी. आत्याच्या दमणीला चारी बाजूंनी जाड लाल पडदा होता. देशमुखांच्या बाईनं बाहेर पडायचं ते त्या पडद्यात. एस.टी. सुरू होऊन कितीतरी वर्षं झाली, फाट्यावर दिवसातून दोनदा गाडी थांबायची, तरी आत्या माहेरी यायची ती दमणीतूनच. एका तासाची वाट सकाळपासून दुपारपर्यंत चालायची. आल्यावर पाठ धरलेली असायची, मग दोन दिवस तेल चोळून घ्यायची. तेल कोण चोळणार? सुशीला. आत्याचं पान लावायचं, पाय दाबायचे, दारात कोण आलं ते पाहून यायचं, सगळं सुशीलाच. आपल्यासाठी एवढं एक माणूस राबतंय हे आत्याला कधी दिसलं असेल, असं मला वाटत नाही.

सुशीला सातवी फायनलला चांगल्या मार्कांनी पास झाली. त्या वेळी तेवढ्यावर शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जाता यायचं, आणि निवडीची मुलाखत जळगाव जामोदला होती. मी तेव्हाही तिथंच शिकवत होते. माझे वडील स्वतः जाऊन बहिणीला समजावून आले. आत्या चक्क हो म्हणाली. आम्ही चाट पडलो. पण तिची अट होती, पोर जाईल ती पडद्यातून जाईल, आणि सोबत आत्या स्वतः जाईल. सुशीलानं पायाशी बसून विनवलं, "आई, फाट्यावरून एस.टी. मिळते. तासाभरात पोचू." आत्या म्हणाली, "दहा जणांच्या मांडीले मांडी लावून बसशीन? मी जिती असताना?"

मग निघाली दमणी. पुढचं सुशीलानंच मला सांगितलं. अर्ध्या वाटेत गाडीवान महादू म्हणाला, "बाई, डावा बैल लंगडून राह्यला. पोरीले पुढच्या फाट्यावर उतरवून देतो, गाडी येईनच आता." आत्या म्हणाली, "हळू हाक." तो हळू हाकत राहिला. थोड्या वेळानं मागून एस.टी. आली, भोंगा वाजवून पुढे गेली. सुशीलानं पडद्याच्या फटीतून पाहिलं तर खिडकीत गावातल्या माळ्याची शांता बसलेली. तिचीही मुलाखत होती. दोघी एकाच वर्गात होत्या. सुशीला तिच्याहून हुशार, हे शांताही म्हणायची.

मी मुलाखतीच्या खोलीच्या दारात उभी राहून वाट बघत होते. आत दोनदा विनंती करून आले. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्यासमोर कागद आवरले. दमणी पोचली तेव्हा शिपाई दाराला कुलूप घालत होता. मी पडदा बाजूला केला. सुशीला गुडघ्यात डोकं घालून बसली होती, आणि आत्या शांतपणे पान चावत होती. मला म्हणाली, "बरं झालं. आमच्या पोरीले सवाल पुसणारे हे कोण?" आणि महादूला सांगितलं, जाताना बाजारात थांब, इथली पानं चांगली असतात.

मी त्या दिवशी आत्याशी जे भांडले! भर रस्त्यात, पडद्याला तोंड लावून. ती पान चावत राहिली. बैल वळवले तेव्हा तेवढं म्हणाली, "तुले तुझा बाप आहे, नवरा आहे. ही गेल्यावर मले कोण आहे?" घ्या. एवढं सरळ बोलता येत होतं तर देशमुखीचा तो सगळा बडेजाव कशाला? मला तिची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखीच चीड आली.

पुढे स्थळं आली. एक परत गेलं कारण मुलाचा बाप सायकलवर आला. दुसऱ्यांनी बसा म्हणायच्या आधी बाजेवर बूड टेकलं. तिसऱ्यांचं काय चुकलं ते आठवतही नाही. हळूहळू कोणी येईनासं झालं. शांता मास्तरीण झाली, तिचं लग्न झालं, आणि सुशीला पान लावत राहिली. बैल विकले गेले तेव्हा दमणी ओसरीत आणून ठेवली, आणि दुपारची आत्या चक्क तिच्यात जाऊन झोपायची, पडदा सोडून.

तेरावं झाल्यावर मी सुशीलाला म्हटलं, "जळगावला चल. आमच्या शाळेत बालवाडी सुरू होऊन राहिली, बाई पाहिजे." ती म्हणाली, "आई काय म्हणन?" मी म्हटलं, "आई गेली, सुशे." "हो," म्हणाली, आणि पुन्हा, "पण काय म्हणन?" दोन आठवड्यांनी मी परत गेले ते तिची ट्रंक स्वतः उचलायलाच.

फाट्यावर गाडी आली. मी मुद्दाम तिला खिडकी दिली. एवढ्या वर्षांनी जरा बघू दे, म्हटलं, समोर सातपुडा आहे, शेतं आहेत. तर ही खिडकीला पाठ करून बसली, आणि पदर पुढे ओढला तो थेट नाकापर्यंत. मी माझं तिकीट काढून गप्प बसले. कंडक्टरनं तिला विचारलं, "बाई, कुठं?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दात आवळून बाहेर बघत राहिले. त्यानं पुन्हा विचारलं, मागचे लोक पाहायला लागले… मग पदराआडून आवाज आला, "जळगाव. एक."

तिकीट तिनं मुठीत धरलं. पदर मात्र होता तिथंच. तो मागे सारायला मी हात उचलला आणि परत घेतला. आत्या शेवटी एस.टी.त बसली होती, माझ्याच शेजारी. बसू दे, म्हटलं, जळगावपर्यंत.